ओल कुठून येते? – भाग ७ : पाऊस नाही, पाइप नाही

गच्चीचा कोबा आज घेणार होतो. तो पुढच्या आठवड्यात. संगमेश्वर तालुक्यातून आलेलं एक पत्र काही केल्या मनातून जात नाही.

आजोबांचं घर, चिऱ्याच्या भिंती. त्यातली एक भिंत आषाढ-श्रावणात ओलीगच्च होते. भिंतीत नळ नाही, पलीकडे मोरी नाही, कौलं शाबूत, आणि भिंत घराच्या आतली. दोनदा वॉटरप्रूफिंगचा गिलावा झाला. डाग हातभर वर सरकला, बस. उत्साही वाचक दिसतात, गेल्या वेळची प्लॅस्टिकची चाचणीही केली त्यांनी: भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट चिकटवून थेंब कुठल्या अंगाला येतात ते पाहायचं. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला थेंब नाही, आतल्या अंगालाही नाही, आणि भोवतालची भिंत मात्र ओली!

मी उलट विचारलं, त्या खोलीत पूर्वी काय होतं? उत्तर आलं: गोठा. गुरं गव्हाणीकडे तोंड करून उभी राहतात. डाग बरोबर त्यांच्या शेपटीमागच्या भिंतीला.

गोमूत्रातल्या युरियाचा आधी अमोनिया होतो आणि जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. भिंतीतल्या चुन्याशी गाठ पडली की कॅल्शियम नायट्रेट तयार, हेही एक प्रकारचं मीठच. आपलं खायचं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागतं. म्हणून पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. हे नायट्रेट तर जेमतेम ५० टक्क्यांनाच सुरू होतं. जुलैत कोकणातली हवा सहसा ८०च्या वरच. म्हणजे ही भिंत कुठून गळत नाही, ती हवाच पिते. चैत्रात पाहा, तिथेच पांढरी भुकटी झडताना दिसेल.

याच भुकटीवर एकेकाळी राज्यं लढली. तोफेच्या दारूत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोरा (पोटॅशियम नायट्रेट) असतो, आणि तो येई गोठ्यांच्या, तळघरांच्या मातीतून. फ्रान्समध्ये १७९३-९४ साली, क्रांतीच्या धामधुमीत, नागरिकांना तळघरांच्या भिंती आणि जमिनी खरवडायला लावलं होतं. त्या मातीच्या पाण्यात लाकडाची राख कालवली की कॅल्शियमच्या जागी पोटॅशियम येतं आणि उकळून थंड केल्यावर सोऱ्याचे स्फटिक उतरतात. (या विषयावर मी तासभर बोलू शकतो, घरचे उठून जातात.)

भिंतीत नायट्रेटच आहे याची खात्री करणं स्वस्त आहे. मत्स्यालयाच्या दुकानात नायट्रेट तपासायच्या पट्ट्या मिळतात. भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पट्टी बुडवा. शेजारच्या चांगल्या भिंतीचा खरवडलेला चुराही तपासा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

काम फाल्गुन-चैत्रात काढावं. डागाच्या पुढे हात-दीड हात गिलावा उतरवायचा, मलबा आवारात न ठेवता लांब टाकायचा, भिंत कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुऊ नका, मीठ आणखी आत जाईल. त्याऐवजी भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा जाड लेप द्या. तो वाळताना मीठ स्वतःकडे खेचतो. पूर्ण वाळला की सोलून फेका, पुन्हा द्या. मग चुन्याचाच गिलावा. गवंडी सिमेंटचा आग्रह धरेल, वर ऑइलपेंट सुचवेल; दोन्हींना ठाम नाही म्हणा. सगळं मीठ निघणार नाहीच, त्यामुळे पाच-सात वर्षांनी हा गिलावा पुन्हा उतरवावा लागू शकतो. तेवढा खर्च धरून ठेवा.