सेंट मार्टिनहून एका दिवसात: अँग्विला, सेंट बार्ट्स की साबा?

सेंट मार्टिन हे एकच बेट, पण अर्धं फ्रेंच आणि अर्धं डच. १६४८च्या करारापासून ही वाटणी चालत आली आहे. इथे मुक्काम ठोकला की सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी तीन बेटं हाताशी असतात.

नुसता समुद्रकिनारा हवा असेल तर अँग्विला. सेंट मार्टिनच्या फ्रेंच बाजूच्या मारिगोहून बोटीने जेमतेम अर्धा तास. हे चिमुकलं ब्रिटिश बेट सपाट, वाळू पांढरीशुभ्र.

सेंट बार्ट्स श्रीमंतांचं आणि महाग. राजधानी गुस्ताव्हियाचं नाव स्वीडनच्या राजाचं, कारण १७८४ ते १८७८ इथे स्वीडनची सत्ता होती. तासाभराची बोट बरीच डोलते. पोट हळवं असलेल्यांनी विचार करावा.

साबा मात्र वेगळंच प्रकरण. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, विमानाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटर आणि किनारा जवळपास नाहीच. इथे रस्ता होणं अशक्य, असं डच अभियंत्यांचं मत होतं. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या स्थानिकाने पत्राद्वारे अभियांत्रिकी शिकून गावकऱ्यांच्या हातांनी तो बांधायला घेतला. माउंट सीनरीच्या हजारावर पायऱ्या चढल्या की ढगातलं जंगल लागतं. तिन्हींत निवड करायची तर साबाच!

बेटं तीन, सरकारंही तीन. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर निघताना प्रत्येकाचे व्हिसाचे नियम आधी स्वतंत्रपणे तपासा.