भिंतींत पुरलेला नळ

कासारसाई येथील आमचें घर आजोबांच्या वेळचें. भिंती दगडमातीच्या, चांगल्या दोन हात रुंद. न्हाणीघरांत नळ आला तो पुढें वडिलांच्या हयातींत. त्या वेळच्या रीतीप्रमाणें भिंतींत खांच पाडून लोखंडी नळी पुरण्यांत आली व वरून गिलावा झाला. पुन्हां ती कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीस ओल दिसूं लागली. ती पावसाची असें समजून आम्ही चुना फासला. माघ आला तरी ओल हटेना, आणि फरशीवर शेवाळ धरलें. अशांत एके पहांटे मातोश्री घसरून दाराशींच पडल्या. दार आंत उघडणारें. तें ढकलावें तर त्यांनाच लागणार! अखेर पहारीनें दाराची फळी काढावी लागली. मनगट मोडलें, तेवढ्यावर निभावलें.

मग नळी उकरून काढली. अर्ध्या इंचाच्या त्या नळींत पेन्सिलही जाईना. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट सोरेल नामक फ्रेंच गृहस्थानें १८३७ सालीं घेतलें. जस्त आधीं स्वतः झिजतें व लोखंडास राखतें. जस्त सरलें कीं लोखंड गंजूं लागतें आणि गंजाच्या गांठी आंतून वाढत जातात. व्यास निम्मा झाला कीं छेदाचें क्षेत्रफळ चौथाईच उरतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं गणितांत शिकलेलेंच आहे. शिवाय बंबाकडे जाणारी तांब्याची नळी कोणीतरी लोखंडास थेट जोडली होती. दोन भिन्न धातु व मध्यें पाणी, म्हणजे व्होल्टाचा विद्युत्घटच झाला. त्यांत झीज लोखंडाची होते. गळती नेमकी त्याच सांध्यांत होती.

कात्रजहून पुण्यास पाणी आणणारा भुयारी नळ अठराव्या शतकांत, नानासाहेब पेशव्यांच्या काळीं बांधला गेला. तोही जमिनीखालींच, परंतु वाटेंत ठिकठिकाणीं उसासे ठेवलेले. त्यांतून वारा सुटे, तळाशीं गाळ बसे व माणसास आंत उतरून पाहतां येई. एवढी सोय आमच्या सात हातांच्या नळास नव्हती.

म्हणून नव्या नळ्या भिंतीबाहेरूनच नेल्या आहेत. ऊन पाण्यासाठीं सीपीव्हीसीच्या घेतल्या, कारण साधी पीव्हीसी उष्णतेनें मऊ पडते. सर्व पाणी बंद करण्याची तोटी न्हाणीबाहेर, हाताला येईल अशी. फरशी खडबडीत असून तिला पांच फुटांमागें एक इंच उतार दिला. मोरीच्या वांकड्या नळींत थोडें पाणी सदैव अडून राहतें, त्यामुळें गटाराची दुर्गंधी वर येत नाहीं. ही युक्ति कमिंग नांवाच्या घड्याळजीनें लंडनमध्यें १७७५ सालीं आपल्या शौचकूपास लाविली. हें अडलेलें पाणी ओढलें जाऊं नये म्हणून मोरीच्या नळासही छपरापर्यंत एक उसासा दिला आहे. गवंडी फरशी बसविण्यास उतावीळ झाला होता. पण पाण्याचा दाब रात्रभर ठेवून सांधे तपासल्यावांचून आम्ही त्यास हात लावूं दिला नाहीं. त्यांत एक सांधा पाझरतांना सांपडला.

दार आतां बाहेर उघडतें व धरण्यास भिंतीला पक्का दांडा आहे. मातोश्री दांड्यावर खूश आहेत. उघड्या नळ्या मात्र त्यांना ओंगळ वाटतात. त्यांवर गिलावा करावा, असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.