अजय-अतुल

अजय गोगावले (जन्म : २१ ऑगस्ट १९७६) आणि अतुल गोगावले (जन्म : ११ सप्टेंबर १९७४) हे दोघे सख्खे भाऊ असून ‘अजय-अतुल’ या जोडनावाने ते मराठी व हिंदी चित्रपटांना संगीत देतात. गोंधळ, जागरण, लावणी, शाहिरी अशा महाराष्ट्रातील लोकसंगीताच्या प्रकारांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जोड देणे हे त्यांच्या रचनांचे मुख्य वैशिष्ट्य होय. ‘जोगवा’ या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. अजय हे पार्श्वगायकही आहेत.

बालपण व जडणघडण

गोगावले बंधूंच्या घरात संगीताची परंपरा नव्हती. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदलीनिमित्त कुटुंबाचा मुक्काम पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर अशा गावी होत राहिला. गावच्या जत्रा, भजने, गोंधळ आणि तमाशाचे फड हीच या भावंडांची संगीतशाळा ठरली. घरी वाद्य नसल्यामुळे ज्यांच्याकडे वाद्ये आहेत अशांशी मैत्री करून त्यांनी ती हाताळून पाहिली. दक्षिणेतील संगीतकार इळैयाराजा यांचा प्रभाव दोघेही मान्य करतात. तमिळ लोकसंगीत आणि पाश्चात्त्य स्वरमेळ एकाच गीतात नांदू शकतात, हे इळैयाराजा यांनी आधी दाखवून दिले होते.

कारकिर्दीचा आरंभ

‘विश्वविनायक’ हा गणेशस्तुतिपर ध्वनिसंग्रह ही या जोडीची पहिली ठळक ओळख होय. त्यात शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे गायन आहे. संस्कृत स्तोत्रांमागे मोठ्या वाद्यवृंदाची योजना हे त्या संग्रहाचे वेगळेपण होते.

२००४ साली केदार शिंदे दिग्दर्शित ‘अगं बाई अरेच्चा!’ प्रदर्शित झाला. त्यातील ‘मल्हारवारी’ हे गीत अजय यांनी गायिले. मल्हारी म्हणजे खंडोबा. त्याच्या जागरणाशी निगडित असलेले हे वळण त्या गीतामुळे शहरी तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचले. याच वर्षी ‘गायब’ या चित्रपटाद्वारे त्यांनी हिंदीतही पदार्पण केले. शिंदे यांच्याच ‘जत्रा’ (२००६) मधील ‘कोंबडी पळाली’ हे गीत आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिले. ‘उलाढाल’ (२००८) मधील ‘मोरया मोरया’ हे गीत पुढे लालबाग-परळपासून खेडोपाडीच्या मंडळांपर्यंत गणेशोत्सवात वाजू लागले.

‘जोगवा’ आणि ‘नटरंग’

राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ हा चित्रपट देवीला वाहिलेल्या जोगतिणी व जोगते यांच्या जीवनावर आहे. त्यातील गीते संजय कृष्णाजी पाटील यांची आहेत. ‘लल्लाटी भंडार’ या गीतात विधिसंगीताचा आवेश आहे, तर ‘जीव रंगला’ हे संथ प्रेमगीत आहे. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटासाठी अजय-अतुल यांना संगीतदिग्दर्शनाचा, तर ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार देण्यात आला.

रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ (२०१०) हा आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारित आहे. कथानक तमाशाचे असल्याने ढोलकी आणि लावणी यांना त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले. गुरू ठाकूर यांनी लिहिलेली ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’ ही गीते बेला शेंडे यांच्या आवाजात आहेत.

हिंदी चित्रपट

‘अग्निपथ’ (२०१२) या चित्रपटामुळे हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांचे स्थान पक्के झाले. त्यातील ‘चिकनी चमेली’ हे गीत ‘कोंबडी पळाली’च्याच चालीवर बेतलेले आहे. सोनू निगम यांनी गायिलेले ‘अभी मुझ में कहीं’ हे त्याच चित्रपटातील अगदी वेगळ्या प्रकृतीचे गीत होय.

‘सैराट’

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ (२०१६) साठी त्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात तेथील वादकांकडून सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करवून घेतला. चित्रपटाची भाषा मात्र सोलापूर जिल्ह्यातील करमाळा भागाची आहे. ‘वेड’ न म्हणता ‘याड’ म्हणणारी ही बोली गीतांतही तशीच ठेवली गेली. ‘सैराट झालं जी’ मधील ‘जी’ हा उच्चार शाहिरी व तमाशातील झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ या साथीची आठवण करून देतो. चित्रपटाच्या ‘मनसु मल्लिगे’ या कन्नड आणि ‘धडक’ (२०१८) या हिंदी रूपांतरांचे संगीतही याच जोडीचे आहे.

संगीताचे स्वरूप

महाराष्ट्रातील लोकसंगीत मुख्यतः एका स्वरावलीचे असते. संबळ, हलगी, ढोलकी, डिमडी ही तालवाद्ये त्याला गती देतात आणि तुणतुण्याची एकच तार अखंड आधारस्वर पुरवते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात याउलट एकाच वेळी अनेक स्वररेषा चालतात आणि वादक लिखित स्वरलिपी पाहून वाजवितात. या दोहोंचा मेळ घालताना एक अडचण उद्भवते : वाद्यमेळ वरचढ झाला, तर चालीचा रांगडेपणा हरपतो; तो नुसता शोभेपुरता राहिला, तर त्याचे प्रयोजन उरत नाही. अजय-अतुल यांच्या अनेक गीतांत चाल साधी, गुणगुणता येईल अशी राहते आणि व्हायोलिनादी तंतुवाद्ये तिच्या मागे भावनेचा विस्तार करतात. हलगी-संबळ मात्र पुढे राहतात.

दुसरा प्रश्न परंपरेचा आहे. गोंधळ किंवा जागरण हे मुळात विधी आहेत. गोंधळी व वाघ्या-मुरळी ते यजमानाच्या अंगणात सादर करतात आणि प्रसंगानुसार त्यांची लांबी व शब्द बदलतात. चित्रपटात तेच गीत चार-पाच मिनिटांत बद्ध होते आणि सर्वत्र एकसारखे वाजते. त्यामुळे ते असंख्य श्रोत्यांपर्यंत जाते. मात्र ते ऐकणाऱ्याला मूळ विधीची ओळख होतेच असे नाही. म्हणून या जोडीच्या गीतांबरोबर मूळ परंपराही अभ्यासणे विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरते.

‘महाराष्ट्र शाहीर’

शाहीर साबळे यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) हा चित्रपट त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केला. साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राजा बढे यांचे असून त्याला श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आहे. २०२३ मध्येच त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाला. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून साबळे यांनी गावोगावचे लोककलाप्रकार रंगमंचावर आणले होते. त्यांच्या जीवनपटाला संगीत देताना लोकसंगीत नव्या श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या आधीच्या पिढीच्या कार्याशी अजय-अतुल यांचा थेट संबंध आला. या चित्रपटातील ‘बहरला हा मधुमास’ हे युगुलगीत विशेष लोकप्रिय झाले.