कापसाच्या तंतूएवढे अंतर

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातून जातो. पैसे चुकते करण्याचे दोन जमाने या रस्त्यावर एकत्र नांदतात. केळापूरच्या टोलनाक्यावर ट्रकच्या काचेवरचा फास्टॅग रेडिओलहरींनी वाचला जातो. तिथे काही टेकत नाही की घासत नाही. त्याच ट्रकचालकाच्या खिशातल्या डेबिट कार्डाच्या पाठीवर मात्र अजून काळी पट्टी आहे. ती वाचायची तर यंत्रातले हेड, म्हणजे चुंबकीय नोंद वाचणारा भाग, तिला प्रत्यक्ष टेकावे लागते, आणि नीट टेकण्यावरच सगळा खेळ असतो.

कार्डावर चुंबकीय पट्टी बसवण्याचे श्रेय आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी यांना दिले जाते. १९६०च्या दशकात ते प्लास्टिकच्या कार्डावर फीत चिकटवू पाहत होते, पण गोंदाने फीत खराब होई. पत्नीने ती इस्त्रीने चिकटवायला सुचवले आणि जमले, असे सांगतात. पुढे मापे ठरली. कार्ड ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ मिलिमीटर रुंद आणि ०.७६ मिलिमीटर जाड. पट्टीवर तीन ट्रॅक, प्रत्येक सुमारे २.८ मिलिमीटर रुंद. पहिल्या ट्रॅकवर दर इंचाला २१० बिट, दुसऱ्यावर ७५. म्हणजे पहिल्या ट्रॅकवरच्या एका बिटाच्या वाट्याला येते जेमतेम ०.१२ मिलिमीटर जागा.

एवढ्या बारीक नोंदीचे चुंबकत्व पट्टीपासून दूर फार लवकर विरते. किती लवकर, याचे सूत्र बेल लॅब्जमधल्या वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडले. हेड आणि पट्टी यांच्यात नोंदीच्या तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाइतकी फट पडली, तरी संकेत जवळपास निम्मा होतो. पहिल्या ट्रॅकच्या सर्वांत दाट नोंदीसाठी, म्हणजे एका बिटाएवढ्या तरंगलांबीसाठी, ही फट भरते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा ऐंशीवा भाग.

कापसाचा एक तंतू साधारण तेवढाच किंवा किंचित जाड असतो. कापूस पिकवणाऱ्या केळापूर-पांढरकवडा भागात हवेत उडणारा असा एखादा तंतू हेडच्या तोंडाशी अडकला, की संकेत निम्म्याखाली घसरू शकतो. कार्ड चांगले, खात्यात पैसेही आहेत, तरी यंत्र ‘पुन्हा स्वाइप करा’ म्हणते, त्याच्या मागे इतके क्षुल्लक कारण असू शकते.

मग हेड घट्ट बसवून कार्ड त्यावर जोरात का दाबू नये? कारण कार्ड कधीच पुरते सपाट नसते. जाडी धरून दीड मिलिमीटरपर्यंतचा बाक तर खुद्द आंतरराष्ट्रीय मानकानेच चालवून घेतला आहे. मागच्या खिशात बसून वाकलेले, विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेले कार्ड याहूनही वाकडे असते. घट्ट बसवलेले हेड अशा कार्डाला एका कडेनेच टेकेल आणि बाकीची फट तशीच राहील. दाब वाढवला तर पट्टीही झिजते आणि हेडही.

यावरचा उपाय म्हणजे हेडला धरणारी पातळ धातूची पट्टी. ती बहुधा स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याच्या लवचीक मिश्रधातूची असते. तिची करामत समजायची तर हेडच्या हालचाली मोजाव्या लागतात. कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती वळणे. हेडला यातल्या तीन हालचाली हव्या असतात आणि तीन नको असतात. कार्डाच्या दिशेने पुढेमागे होणे हवे, म्हणजे बाक भरून निघतो. वरखाली कलणे आणि डावीउजवीकडे कलणेही हवे, म्हणजे हेडचे तोंड कार्डाच्या पृष्ठभागाला पूर्ण लागते. पण कार्डाच्या ओघात ओढले जाणे, एका ट्रॅकवरून दुसऱ्याकडे सरकणे आणि कार्डाच्या प्रतलातच घड्याळाच्या काट्यासारखे फिरणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य. सपाट पातळ पत्रा नेमका असाच वागतो. ट्रकच्या कमानीचा पाटा भाराखाली लवतो, पण आडवा सहजी हलत नाही. तोच गुण इथे काही चौरस सेंटिमीटरांत वापरलेला असतो. म्हणूनच स्वस्तातल्या स्वाइप यंत्रातही हेडमागे गुंडाळीची स्प्रिंग क्वचितच दिसते. दिसते ती मधोमध हेड जोडलेली आणि दोन टोकांना टेकवलेली पट्टी.

प्रतलात फिरण्यावर बंदी का, हे कॅसेटचा जमाना पाहिलेल्यांना सांगायला नको. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू थोडा फिरला की गाण्यातला बारीक आवाज नाहीसा होई आणि सगळे घुसमटल्यासारखे ऐकू येई. कार्डाचे गणितही तेच. ट्रॅकवर हेडची रुंदी दीड मिलिमीटर धरली आणि हेड साडेचार-पाच अंशांनी तिरपे झाले, तर त्याचे एक टोक दुसऱ्याच्या एक पूर्ण बिट पुढे जाते. सर्वांत दाट नोंद मग स्वतःलाच खोडून टाकते.

पुढची अडचण वेगाची. ग्राहकाचा हात कुणाचा संथ, तर कुणाचा घाईचा. नोंदीची पद्धतच अशी आहे की प्रत्येक बिट आपल्यासोबत वेळेची खूण घेऊन येतो, त्यामुळे हाताचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालते. पण कार्डाची कड हेडवर आदळते तेव्हा हेड क्षणभर उडते. पट्टीच्या सुरुवातीला साधारण ७ मिलिमीटरपर्यंत कामाची माहिती नसते, नुसती शून्ये असतात. सेकंदाला एक मीटर वेगाने कार्ड ओढले तर हेडला स्थिरावायला मिळतात सेकंदाचे सात सहस्रांश. त्यासाठी हेड हलके हवे आणि त्याला धरणाऱ्या धातूच्या पट्टीचा ताण जोखलेला हवा. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, म्हणून पत्र्याच्या जाडीतला बारीकसा फरकही भोवतो. हेडमागच्या वायरी जाड असल्या तर त्याही स्प्रिंगसारख्या ओढू लागतात, म्हणून त्या मऊ आणि सैल ठेवतात.

न वाचले जाणारे कार्ड प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून ओढण्याची जुनी युक्ती जगभरच्या दुकानदारांना ठाऊक आहे. तिच्यात जादू नाही, वॉलेस यांचेच सूत्र आहे. पिशवीमुळे फट वाढते, पण दुसऱ्या ट्रॅकच्या ऐसपैस नोंदीचे त्यात फारसे बिघडत नाही. ओरखड्यांचा बारीक खरखराट मात्र जास्त दबतो.

यंत्ररचना कितीही चोख असली, तरी चुंबकीय पट्टीची एक उणीव तिला झाकता येत नाही: जे हेड वाचते, तसलेच हेड चोरही वापरू शकतो. एटीएमच्या खऱ्या खाचेवर दुसरी खाच चिकटवून माहिती चोरण्याचे प्रकार त्यातूनच झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डे वापरून परदेशातल्या एटीएममधून काढली गेली. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ची मुदत आधीच घालून दिली होती. आज चिपचे कार्ड स्वाइप केले, तर पट्टीवरच्याच एका संकेतावरून यंत्र ‘कार्ड आत घाला’ असे सांगते. मास्टरकार्डने २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टी पूर्णपणे हटवण्याचे जाहीर केले आहे.

तोवर पट्टी खिशात राहणारच. कार्ड उन्हात आणि मागच्या खिशात ठेवू नये, पट्टी मऊ कोरड्या कापडाने पुसावी आणि स्वाइप करताना एकसारख्या वेगाने ओढावे. एटीएमची खाच हाताने हलवून पाहावी. ती सैल वाटली तर कार्ड घालू नये. खात्यातून अनोळखी व्यवहार झालाच, तर लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमानुसार त्या नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही.