साम्राज्याकडे हिशेब मागणारा व्यापारी

एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडून १८५५ साली दादाभाई नौरोजी कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले, तेव्हा हा पारशी पंडित पुढे साम्राज्याकडेच हिशेब मागेल, असे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. अफू आणि मद्य यांच्या विक्रीतील नफा त्यांच्या विवेकास मानवेना, म्हणून त्यांनी त्या पेढीचा निरोप घेतला व १८५९ मध्ये स्वतःचा कापसाचा व्यापार मांडला. या उदिमात अखेरीस धन फारसे उरले नाही. पण देशादेशांतील देवघेव ताळेबंदाच्या कसोटीस लावून पाहण्याची जी दृष्टी त्यांना लाभली, तिच्यावरच त्यांच्या राजकारणाचा पाया रचला गेला.

माल परदेशी रवाना केला म्हणजे त्याचा मोबदला घरी यावयाचा, हे पेढीवरील मुनीमही जाणतो. परंतु हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा सालोसाल अधिक असूनही रयतेच्या घरी दारिद्र्यच का, याचा शोध घेता त्यांना असे आढळले, की इंग्रज अंमलदारांची निवृत्तिवेतने, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च आणि कर्जावरील व्याज या रूपांनी देशाची संपत्ती बाहेर जाते व तिच्या बदल्यात परत काही येत नाही. हेच ते सुप्रसिद्ध संपत्तिनिःसारण. या सिद्धांतास त्यांनी सरकारी दप्तरातलाच पुरावा जोडला. प्रांतवार पिकांचे क्षेत्र, उतारा आणि बाजारभाव यांचा मेळ घालून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले, आणि त्याशेजारी तुरुंगखात्याच्या अहवालांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडून दाखविले, की निरपराध रयतेच्या वाट्यास बंदिवानाइतकेही येत नाही.

हा हिशेब खुद्द पार्लमेंटपुढे मांडावा म्हणून ते निवडणुकीस उभे राहिले, पण १८८६ मध्ये लंडनमधील होबर्नच्या जागेवर ते पडले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी त्यांच्या वर्णाचा जाहीर उल्लेख करून इंग्रज मतदार काळ्या माणसास निवडून देतील काय, अशी शंका घेतली. त्या उद्गाराने दादाभाईंचेच नाव इंग्लंडभर गाजले, आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षातर्फे ते अवघ्या ५ मतांनी पार्लमेंटात गेले. सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान येथे एकाच वेळी घ्याव्यात, हा ठराव पुढच्याच वर्षी कॉमन्स सभेने मंजूर केला. सरकारने मात्र तो बासनात गुंडाळून ठेवला. १८९५ मध्ये त्यांची जागा गेली. तरी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर ते सभासद म्हणून बसले, आणि १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या तरुण गोपाळराव गोखल्यांनी त्याच कमिशनपुढे साक्ष दिली.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ८१ वर्षांच्या या वृद्धाने अध्यक्षपदावरून स्वराज्याची मागणी केली. अर्जविनंत्यांचा पुरस्कर्ता म्हणून त्यांना मवाळांच्या पंक्तीत बसवून मोकळे होणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की राज्यकर्त्यांच्या उपकाराचा दावा त्यांच्याच आकड्यांनी खोटा ठरविणे हे सरकारला कोणत्याही जहाल भाषणापेक्षा अधिक अडचणीचे होते. कारण भाषणावर राजद्रोहाचा खटला भरता येतो, सरकारी दप्तरावर भरता येत नाही.