मलालाची रोजनिशी

मलाला युसुफजई हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. तिला गोळी लागली आणि पुढे नोबेल मिळालं, एवढं बहुतेकींना ठाऊक असतं. पण त्याआधी तिने काय केलं, ते आज समजून घेऊ.

मलालाचा जन्म १९९७ चा, पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातला. वडील मिंगोरा शहरात शाळा चालवायचे. आईची शाळा मात्र लहानपणीच सुटलेली. पुढे स्वातमध्ये तालिबानचा जोर वाढला. त्यांचा पुढारी फजलुल्लाह एफएम रेडिओवरून बोलायचा. एखाद्या मुलीने शाळा सोडली की तिचं नाव घेऊन रेडिओवर कौतुक करायचा. आपणही रेडिओवरूनच बोलतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला जास्त बोचते. पाठोपाठ शंभराहून जास्त शाळा उद्ध्वस्त केल्या गेल्या आणि हुकूम निघाला: १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद.

तेव्हा मलाला ११ वर्षांची होती. बीबीसीच्या उर्दू विभागासाठी ती रोजनिशी सांगू लागली. जिवाला धोका, म्हणून 'गुल मकई' हे टोपणनाव घेतलं. त्यात मोठमोठी भाषणं नव्हती. वर्गातल्या २७ मुलींपैकी आज ११ जणीच आल्या, वाटेत भीती वाटली, गणवेश न घालता साध्या कपड्यांत या असं शाळेने सांगितलं, अशा रोजच्या गोष्टी होत्या. पण वर्ग कसा रिकामा होतोय, हे त्यामुळेच जगाला कळलं.

९ ऑक्टोबर २०१२ ला शाळेच्या गाडीत शिरून हल्लेखोराने तिच्या डोक्यात गोळी झाडली. दोन मैत्रिणीही जखमी झाल्या. इंग्लंडमध्ये उपचार होऊन ती वाचली आणि पुन्हा त्याच कामाला लागली. २०१४ मध्ये, १७ व्या वर्षी, आपल्या कैलाश सत्यार्थींबरोबर तिला शांततेचं नोबेल मिळालं. तिच्या आईनेही मोठेपणी लिहाय-वाचायला सुरुवात केली.

धाडस म्हणजे भीतीच न वाटणं, असं आपण समजतो. मलालाला भीती वाटत होती आणि तिने ती लपवलीही नाही. भीती वाटत असताना जे दिसतं ते तिने सांगितलं.

आपल्याकडे मुलींना शाळेत जायला कुणी बंदूक दाखवत नाही. पण हायस्कूल लांब आहे, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, स्थळ चांगलं आलंय, असं म्हणत म्हणत वर्गातली जागा इथेही रिकामी होते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा. मुली गळतात त्या बऱ्याचदा त्यानंतरच, आणि त्याचा गवगवा होत नाही.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करू. आपल्या वस्तीतल्या कोणत्या मुलींची शाळा सुटली, कोणत्या वर्गात आणि कशामुळे, हे वहीत लिहू. अंतराची अडचण असेल तर एसटीच्या मोफत पासाची चौकशी करू. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. तिथे आपल्यापैकी कोण आहे, ते पाहू आणि ती वही तिच्या हातात देऊ. ती समितीत बोलायला उभी राहील, तेव्हा आपण चार-पाच जणी तिच्यासोबत जाऊ.