पिस्तूल कुणाच्या नावावर?

आमचा गेममास्टर, म्हणजे जीएम, नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि टेबल दुसऱ्याच्या हाती आलं. नव्या गड्यानं पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, "हत्यारांच्या लायसन्सचं आपण हँडवेव्ह करू. तो भाग बोअर असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. फासे आणि कागद-पेन्सिल घेऊन रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या दुनियेत ही काही मोठी घटना नाही. पण ज्या भागासाठी मी इतकी वर्षं हा खेळ खेळलो, नेमका तोच भाग बोअर ठरला. ते लागलं. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं झटपट उरकतो. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला. त्यात तलवार विकत घ्यायची आणि कमरेला लावायची. कोतवाल विचारेल का, यावर नियम गप्प. पहिला नीट विचार केला तो १९७७ च्या ट्रॅव्हलरनं. मार्क मिलर यांचा हा अंतराळातला खेळ. त्यात प्रत्येक ग्रहाला आकड्यांची एक ओळ असते आणि त्यातला एक आकडा कायद्याचा, म्हणजे 'लॉ लेव्हल'. शून्य म्हणजे काहीही बाळगा. १ ला स्फोटकं आणि विषारी वायू गेले, ३ ला मशीनगन, ५ ला लपवता येणारी पिस्तुलं, ७ ला शॉटगनसुद्धा. ९ म्हणजे घराबाहेर कुठलंच हत्यार नाही. हा आकडा ठरवायचा कसा? दोन फाशांच्या बेरजेतून ७ वजा करायचे आणि त्या ग्रहाच्या सरकारचा आकडा मिळवायचा. पोलिसांनी हटकलं तर पुन्हा हाच आकडा: दोन फाशांत तेवढे किंवा जास्त पडले तर सुटलात. त्यामुळे कडक ग्रहावर सुटणं अवघड. या खेळातल्या सर्वांत प्रसिद्ध ग्रहांपैकी एक, रेजिना. त्याचा आकडा ९. म्हणजे अख्ख्या आकाशगंगेत लढून आलेला वीर तिथं उतरला की हत्यार जहाजातच ठेवून बाहेर पडणार. एका आकड्यात एवढं नाट्य पुढं फार कमी जणांना जमलं.

ऐंशीच्या दशकातही मी फार रेंगाळत नाही. १९८६ साली आलेल्या गर्प्सनं पुढं हत्यारांना कायदेशीरपणाचे वर्ग लावले, पण ते वाचताना जनगणनेचा फॉर्म भरल्यासारखं वाटायचं. १९८९ ला शॅडोरन आला: भविष्यातलं सिअ‍ॅटल, मेगाकॉर्पोरेशन्सचं राज्य, रस्त्यावर ऑर्क आणि ट्रोल. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हत्याराच्या नोंदीत अंक आणि अक्षरांचा एक कोड असे, परवाना मिळू शकत असेल तर त्यात 'पी'. हत्यार नुसतं बाळगणं, वाहून नेणं, धाक दाखवणं आणि वापरणं हे वेगवेगळे गुन्हे, त्यांची शिक्षाही वेगवेगळी. त्या आवृत्त्या मी नंतर वाचल्या, खेळलो नाही.

मी खेळलो ते २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून पुढची दहा वर्षं, पुण्यात, दर शनिवारी. या आवृत्तीनं जुने कोड मोडीत काढले आणि दोनच अक्षरं ठेवली. 'आर' म्हणजे परवाना लागेल, 'एफ' म्हणजे मिळणारच नाही. जुने खेळाडू यावर हळहळले. पण याच आवृत्तीनं एक मोठं काम केलं: परवाना हवेतून, म्हणजे वायरलेसवर, फिरायला लागला. आमची पात्रं गुन्हेगार असल्यामुळे त्यांच्यापैकी कुणालाच खरा ओळख क्रमांक नाही, म्हणजे 'सिन' नाही. मग खोटा सिन घ्यायचा, दर्जामागे १,००० नुयेन (त्या दुनियेतलं चलन). त्यावर प्रत्येक गोष्टीचा खोटा परवाना वेगळा, दर्जामागे १००. नव्या पात्राला मिळू शकेल असा सर्वांत वरचा दर्जा ४. म्हणजे ओळखीला ४,००० आणि एका पिस्तुलाला ४००. गंमत अशी की खोट्या परवान्यापुढेही 'एफ' होतंच. तो बाळगणं हाच एक गुन्हा.

पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा एरेस प्रेडेटर. माझं पात्र ट्रोल, पेशा बॉडीगार्डचा. त्याच्या अंगात बसवलेल्या वायर्ड रिफ्लेक्सेसलाही परवाना लागायचा. श्रीमंतांच्या भागात कॉमलिंक या जवळ बाळगायच्या उपकरणावरून सिन आणि परवाने सतत प्रसारित करायचे. लपवले तर तेवढ्यावरूनच संशय. बेलव्ह्यू या अशाच भागातल्या एका गेटवरची रात्र मला अजून आठवते. तपासयंत्राचा दर्जा ४, माझ्या सिनचा ४. चार फासे जीएमचे, चार माझे; ५ किंवा ६ पडला की हिट. सिन निसटला. मग पिस्तुलाचा परवाना, तोही निसटला. मग जीएमनं शांतपणे विचारलं, "आणि रिफ्लेक्सेसचा?" टेबलाभोवती कुणी श्वास घेत नव्हतं. गोळी एकही सुटली नव्हती.

२०७२ च्या सिअ‍ॅटलवरचं पुस्तक आलं, तेव्हा पोलिसांचं कंत्राट लोन स्टारकडून नाइट एरंटकडे गेलेलं होतं. नाइट एरंट ही एरेसचीच कंपनी. पिस्तूल विकणारा एरेस, त्या पिस्तुलाचा परवाना तपासणारा शिपाईही एरेसच्याच पगारावर. आणि एखाद्या कॉर्पोरेशनच्या हद्दीत पाऊल टाकलं की सिअ‍ॅटलचा परवाना रद्दीच्या भावाचा, कारण तिथं कायदा त्यांचा. एवढी तिरकस व्यवस्था रंगवायला लेखकांना लांबलचक प्रकरण लिहावं लागलं नाही. दारावर एक तपासणी पुरली.

आम्हाला हे चटकन कळायचं याचं कारण इथलंच. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापला म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल, ही बातमी महाराष्ट्रात कुणाला नवी नाही. आमच्या जीएमनं तर एक चाल थेट पेपरातून उचलली. सिअ‍ॅटलच्या गव्हर्नरची निवडणूक जाहीर झाली आणि त्यानं फर्मान वाचून दाखवलं: आचारसंहिता लागू, परवानाधारकांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत. रुलबुकात असं काही नाही. आम्ही हसलो, आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की खोट्या परवान्यावरचं पिस्तूल ठाण्यात जमा करायला जायचंय. नाही गेलो तर यादीत नाव, गेलो तर कागद नीट तपासणार. त्यावर अख्खी बैठक गेली. शेवटी आमच्यातल्या गोडबोल्या एल्फनं एक जुनं स्ट्रीटलाइन स्पेशल जमा केलं, पावती घेतली आणि प्रेडेटर ठाण्यासमोरच्या नूडल्सवाल्याकडे ठेवला. आजवर खेळलेल्या सगळ्या लढायांपेक्षा मला ती पावती जास्त आठवते.

याच काळातला एक जुना हिशेब बाकी आहे. आमच्यात एक जण होता, त्याला कायम 'एफ'वालंच हवं. असॉल्ट कॅननशिवाय त्याचं पात्र घराबाहेर पडायचं नाही. "दिवसभर ऑफिसात फॉर्म भरतो, इथं पण भरू?" हा त्याचा आवडता सवाल. तो शेवटी दुसऱ्या ग्रुपात गेला, जिथं कुणी काही विचारत नव्हतं. त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. ऑफिसात तू फॉर्म भरतोस तो स्वतःच्या नावावर. इथं तू दुसऱ्याच्या नावावर भरायचास, आणि पकडलं जाण्याची भीती फाशांत असायची. यातला कुठला भाग ऑफिससारखा? त्याच दमात त्या गेममास्टरांनाही सांगायला हवं, जे पोलिसांना छडीसारखं वापरायचे: खेळाडूवर राग आला की झडती. परवान्याचं नाव खराब झालं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

२०१३ ला पाचवी आवृत्ती आली. खोटा सिन दर्जामागे २,५०० झाला, परवाना २००. भाव वाढले आणि नेमका रस आटला. चर्चा सगळी वायरलेस चालू ठेवल्यानं हत्याराला मिळणाऱ्या बोनसची. त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. टेबल स्क्रीनवर गेलं, पात्राच्या शीटचा हिशेब सॉफ्टवेअर करायला लागलं, आणि आमच्या नव्या शीटमध्ये हत्याराच्या ओळीत नुकसान आहे, पल्ला आहे, गोळ्या आहेत. परवान्याला रकाना नाही.

लोक म्हणतात, नियम कमी झाले, गोष्टीला जागा झाली. मला उलटं दिसतं. दारावर कागद मागणारा कुणी नसेल तर ट्रोलला आणि सुटातल्या साहेबाला एकच वागणूक. बेलव्ह्यू आणि झोपडपट्टी यांत फरक फक्त नकाशाच्या रंगाचा. खोटी ओळख जपायचं कारण नाही, ती जळण्याची भीती नाही, ती बनवून देणाऱ्या ओळखीच्या माणसाशी संबंध राखायचीही गरज नाही. खांद्यावर तोफ टाकून भर बाजारातून जाणाऱ्याकडे कुणी वळून बघत नसेल, तर त्या शहरात चोरून करण्यासारखं काही उरतच नाही.